मुक्कामाचे कारण

वॉचमनने रजिस्टर पुढं सरकवलं.
नाव, गाव, माणसं किती, गाडी नंबर,
आणि शेवटचा रकाना : मुक्कामाचे कारण.
ह्यांनी पेन नुसतं धरून ठेवलं.
लग्न नाही, मयत नाही,
देवाचं नाही, दवाखान्याचं नाही.
घराबाहेर झोपायला
एवढीच कारणं होती आमच्याकडं आजवर.
"सकाळी लिहितो," म्हणाले.
"लिवा की. बिबट्या नाही हितं, आधीच सांगतो,
लोक उगं विचारत बसतात."

श्रीलता पुण्याहून घर घेऊन आली होती
छत्रीएवढ्या पिशवीत.
हिप्परग्याच्या काठावर, बाभळीपासून लांब,
तिनं ते सोडलं आणि ते उठलं
बसलेल्या म्हशीसारखं, आधी मागून, मग पुढून.
ह्यांनी कापड चिमटीत धरलं,
पस्तीस वर्षं टॉवेल विणलेला अंगठा फिरवला.
"वीण दाट आहे. पण घाम पिणार नाही."
मग पोरीनं मारलेल्या गाठी सोडून
खुंट्यांना स्वतःच्या मारल्या,
तुटलेला धागा सांधतात तशा, बारीक.

दुपारी होडी. वल्हं पोरीकडं.
पलीकडं शाळू पोटरीत आलेला,
त्याच्या कडेनं पांढरे बगळे, कुणी मोजून ठेवल्यासारखे.
मी पाण्यात हात घातला,
बोटांचा तंबाखूचा वास जाईल म्हणून.
नाही गेला.
हे नारिंगी जाकीट घालून ताठ बसलेले,
तळ्याकडं नाही, वल्ह्याकडं बघत :
जातंय, येतंय, जातंय, येतंय.
काठावर उतरल्यावरही जाकीट काढेनात.
ऊब आहे म्हणे.

कडक भाकरी, शेंगाचटणी, दही,
आणि पोरीच्या शेगडीवरच्या दोन मिनिटांच्या शेवया,
ज्यांना वाऱ्यानं वीस मिनिटं लावली.

मग अंधार झाला.
म्हणजे दक्षिणेला सोलापूर उजळलेलं होतंच,
हायवेवर ट्रकही होते,
पण आमच्या तिघांपुरता झाला.
पोर दुसऱ्या तंबूत झोपली, पाय बाहेर काढून.
मी ह्यांच्या उजव्या हाताला सरकले.
डावा कान मागांनी कधीच नेला.

झोप दोघांनाही नाही.
माझी बोटं आपोआप वळत होती, मांडीवर सूप नसताना.
ह्यांना शांतता टोचत होती.
तेवढ्यात पाण्यावर कोण तरी ओरडलं,
आणि लांबून, दुसऱ्या काठावरून, उत्तर आलं.
पुन्हा हिकडून. पुन्हा तिकडून.
"अम्मा, चक्रवाक," पोर झोपेतच बोलली.
"जोडपं असतं. रात्री ताटातूट होते म्हणतात,
सकाळपर्यंत एकमेकांना हाका मारतात."

हे बराच वेळ ऐकत राहिले, चांगल्या कानानं.
मग म्हणाले,
"नाइट पाळी असणार एकाची."

मी हसले. तोंडावर पदर घेऊन, पोर उठेल म्हणून.
मग हसू थांबेना.
मग ते हसूच होतं का, ते अंधारात कुणी पाहिलं.
ह्यांची रात्रपाळी, माझ्या दिवसाच्या हजार विड्या,
दारात भेट व्हायची सकाळी सातला,
ते डबा खाली ठेवायचे, मी सूप उचलायची.
तीन पोरं झाली, कशी झाली देव जाणे.

त्या रात्री पहिल्यांदा कळलं मला
की हे झोपेत नाही, जागेपणीही
तोंडानं खटक खटक करतात, हळू, ओठातल्या ओठात.
आणि ह्यांना कळलं काय तरी माझं.
काय ते सांगितलं नाही.
माझी बोटं धरून ठेवली फक्त, वळायची थांबेपर्यंत.

पहाटे दव पडलं. तंबूनं खरंच घाम प्यायला नाही,
आमच्या डोक्यावर गाळला.
तळ्यावर दोन तांबूस पक्षी, शेजारी शेजारी,
भांडून झाल्यासारखे गप्प.

गेटवर जाकीट परत दिलं, नाइलाजानं.
वॉचमननं रजिस्टर उघडलं, पान चाळलं.
आमच्या वरच्या ओळीत
कुण्या कॅमेरावाल्या पोरांनी लिहिलेलं : पक्षी.

ह्यांनी पेन घेतलं,
थोडा विचार केला,
आणि खाली दोन छोट्या रेघा ओढल्या.
वरीलप्रमाणे.